खाडीपलीकडचे कान

प्लासिदो कासियानी गाणी बनवतो, पण त्याला गाता येत नाही. नाचताही येत नाही, आणि आमच्या कार्ताहेना शहरात पुरुषाला नाचता येत नसेल तर लोक त्याच्या आईसाठी हळहळतात. खाडीला लागून आमची ओलाया वस्ती आहे. तिच्या शेवटच्या गल्लीत, पत्र्याच्या छताखाली, एका खोलीत तो राहतो. खोलीत एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, चार बटणांवर ढोल वाजणारा एक जुना कीबोर्ड आणि एक पंखा. गाणाऱ्याचा आवाज घेताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर गाण्यात उतरते. गाणारा येतो, घाम पुसत तासभर गातो आणि निघून जातो. मग त्या आवाजाखाली ताल, बास आणि गिटार रचत प्लासिदो पुढचे कित्येक आठवडे एकटाच बसतो. पन्नाशी ओलांडली तरी त्याचं हेच चाललंय.

गाणं झालं की ते पिकोला जातं. पिको म्हणजे घराएवढी उंच, रंगवलेली स्पीकरांची भिंत. रविवारी दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि तिच्यापुढे अख्खी वस्ती नाचते. आमच्या पिकोचं नाव पेलिकानो. त्याच्या छातीवर चोचीत मासा धरलेला पाणपक्षी रंगवलाय. खाडीच्या पलीकडे, बोकियाच्या कोळीवाड्यात, त्यांचा पिको आहे बार्राकुडा. त्याच्यावर दात विचकणारा मासा. पक्ष्याने मासा खायचा की माशाने पक्ष्याचा पाय ओढायचा, हा वाद आमच्या जन्माआधीपासून चालू आहे आणि त्यात आजवर शहाणा माणूस कोणी पडलेला नाही, कारण शहाणी माणसं आमच्याकडे फारशी नाहीतच.

एक रीत मात्र दोन्ही काठांवर सारखी. नवं गाणं एकाच पिकोचं. त्याला नाव नाही, गाणाऱ्याचा पत्ता नाही, बनवणाऱ्याचा तर विषयच नाही. मालक येतो, गाणं पेन ड्राइव्हवर घेतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बनवणाऱ्याने ते आपल्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकायचं. गाण्यात मध्ये मध्ये ‘पेलिकानो! पेलिकानो!’ अशी गर्जना भरलेली असते. ज्याला ते ऐकायचंय त्याने आमच्या गल्लीत यावं. गाणं बाहेर फुटलं, तर बनवणारा संपला. त्याला मग बारशाचंसुद्धा काम कोणी देत नाही.

त्यामुळे प्लासिदोची पंचाईत अशी, की गाणं देण्याआधी ते कोणाला ऐकवता येत नाही. ‘इथे चुकलं’ असं सांगणारा माणूसच नाही. शेजारची दिलिया मावशी भिंतीपलीकडून सगळं ऐकते, पण ती बोलून चालून मावशी. अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या तळता तळता ती ओरडते, “सुंदर रे बाळा!” एकदा विजेच्या बोर्डात बिघाड होऊन स्पीकरमधून संध्याकाळभर नुसता गुंईऽऽ आवाज येत होता. मावशीने पुरी हातात घेऊन दारात येऊन सांगितलं, “आजचं तर सगळ्यात सुंदर.”

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी या खोलीत दोघं होते.

दुसरा उबाल्दो. उबाल्दोला बटणांचं काही कळत नसे तेव्हा, पण त्याला कान होते. प्लासिदो रचायचा आणि उबाल्दो उंबऱ्यावर त्याच्याकडे पाठ करून तळलेली मोहार्रा मासळी खात बसायचा. पाठ का, तर तोंड पाहिलं की माणूस भिडेला बळी पडतो, असं त्याचं म्हणणं. गाणं संपलं की न वळता तो म्हणायचा, “नाही.” पुन्हा. “नाही.” पुन्हा. “अरे, ती चरचर कमी कर, भातात वाळू आल्यासारखी लागतेय.” आणि नेहमीचं ठरलेलं, “बासला जरा श्वास घेऊ दे. पाहुण्याला बसायला जागा ठेव की लेका, सगळीकडे तुझंच सामान!”

हा प्लासिदोचा जुना दोष. गाण्यात रिकामी जागा दिसली की त्याच्याने राहवत नाही. तिथे काहीतरी ठेवून देतो. दोघांचा एक खेळही होता. प्लासिदो मुद्दाम एखादी बारीक चूक गाण्यात पेरून ठेवायचा. गिटारची एक तार केसभर उतरवायची, की एखादा ठोका किंचित उशिरा टाकायचा. उबाल्दोने पकडली नाही असं कधी झालंच नाही. माशाचा काटा पाठीमागे फेकून मारायचा, तो नेमका प्लासिदोच्या कपाळावर. आणि सगळ्या वर्षांत उबाल्दोच्या तोंडून ‘छान’ हा शब्द कधी निघाला नाही. फारच आवडलं तर म्हणायचा, “राहू दे.” त्या ‘राहू दे’साठी प्लासिदो दिवसचे दिवस राबायचा.

मग बार्राकुडाने उबाल्दोला बोलावलं. त्यालाही स्वतः बनवायचं होतं. किती दिवस पाठ करून बसणार? जाताना दोघांत भांडण झालं ते काही फार मोठं नव्हतं. प्लासिदोच्या तोंडून निघून गेलं, “जा की. तुझ्यावाचून अडलंय थोडंच? मला माझे कान आहेत.” उबाल्दोने उंबऱ्यावरची ताटली उचलली, विसळली, पालथी घातली आणि गेला. त्यानंतर रीतच आडवी आली. पेलिकानोच्या माणसाने बार्राकुडाच्या माणसाकडे जायचं म्हणजे गाणं फोडायलाच गेला असणार, असा सरळ हिशेब. बघता बघता पोरं बाप्ये झाली आणि हे दोघं एका खाडीच्या दोन काठांवर म्हातारे व्हायला लागले.

प्लासिदोने स्वतःला सुधारायचे प्रयत्न सोडले नाहीत, हे मात्र सांगायला हवं. फोनवर धडे बघितले. ब्वेनोस आयरेसचा कोणी गोरा मास्तर चष्मा वर सरकवत सांगायचा, प्रत्येक वाद्याला आपापली जागा द्या, आणि हा मान डोलवायचा. गाणं चालू ठेवून तो स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन ऐके, अंगावर चादर घेऊन ऐके, शेजाऱ्याच्या टॅक्सीत बसून ऐके. एकदा तर त्याने मोहार्रा तळून घेतली, ताटली घेऊन उंबऱ्यावर बसला, कॉम्प्युटरकडे पाठ केली आणि गाणं संपल्यावर मोठ्याने म्हणाला, “नाही.” मग त्याला कळेना की नक्की काय नाही. मासा तसाच राहिला. तो मांजराने खाल्ला.

लोक म्हणायचे छान, पिकोचा मालक शेठ म्हणायचा छान, मावशीचं तर विचारूच नका. सगळे छान म्हणत होते आणि आपण जिथल्या तिथे आहोत हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. माणसाला याहून एकटं करणारं दुसरं काही असेल असं मला वाटत नाही.

रविवारचा वारा तेवढा त्याचा होता. नाताळानंतर आमच्याकडे उत्तरेचा वारा सुटतो आणि खाडीच्या पाण्यावरून बार्राकुडाचा आवाज आमच्या काठावर येतो. सगळा येत नाही. लांबून येताना बारीकसारीक आवाज वाटेतच गळून जातात, जाडा बास तेवढा पोचतो. पेलिकानो सुरू होण्याआधीचा तासभर प्लासिदो मागच्या दारी बादली पालथी घालून बसायचा आणि तो ढुम ढुम ऐकायचा. त्यात उबाल्दोचं कुठलं हे त्याला बरोबर कळायचं. दोन ठोक्यांमध्ये जागा सोडायची हिंमत दुसऱ्या कोणात नव्हती. “हां, इथे थांब... थांब... आता!” असं तो एकटाच पुटपुटायचा. मावशीला वाटायचं, बिचारा प्रार्थना करतोय.

त्या वर्षी वाऱ्याबरोबर काहीतरी नवीन आलं. ढुम ढुमच्या वर एक चर्रर्र चर्रर्र असा आवाज, गरम तेलात ओला मासा सोडल्यासारखा. प्लासिदो बादलीवरून उठून उभा राहिला. इतक्या लांब बारीक आवाज पोचतो म्हणजे तिथे, पिकोपुढे, तो केवढा असेल! महिन्याभरात शहरभर त्याचीच चर्चा. बोकियाला जाऊन आलेली पोरं कान चोळत पण खुशीत परत येत. आणि आमच्याकडे एक जण काही करतो म्हटलं की दुसरा गप्प बसत नाही. योर्दान नावाचा एक पोरगेला गाणी बनवणारा आहे, कानामागून आला आणि तिखट झाला, त्याने लगेच आपल्या गाण्यांत चरचर भरली. त्याचं पाहून आणखी दोघांनी भरली.

मग नेमेसिओशेठ आला. पेलिकानोचा मालक. पांढरे बूट, खांद्यावर टॉवेल, बसायला खुर्ची नाही म्हणून आधीच रागावलेला.

“प्लासिदो, तुझं गाणं म्हणजे लग्नातला सासरा झालाय बघ. कपडे झकपक, वागणं व्यवस्थित, पण बोलायला कोणी जवळ जात नाही.”

“शेठ, मागच्या महिन्यात तर छान म्हणालात.”

“मागच्या महिन्यात छानच होतं. आता पलीकडचं ऐकलंस का? कसं चरचरतंय ते! आपली पोरं नाचायला तिकडे निघाली. लाज वाटते मला.” टॉवेलने त्याने मान पुसली. “फेब्रुवारीत पेलिकानोचा वाढदिवस आहे. त्या दिवसाचं गाणं मला तसं पाहिजे. तुला जमत नसेल तर सांग मोकळेपणी, योर्दान दारात उभाच आहे.”

“जमेल.”

“बघ बाबा. म्हातारपणी नवीन गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. तो उबाल्दो तुझ्याच वयाचा ना? त्याच्या कशा शिरल्या?”

हे शेवटचं प्लासिदोला फार लागलं. शेठ गेल्यावर तो बराच वेळ पंखा न लावताच बसून राहिला. उबाल्दो पुढे गेला होता. त्याला नवं काहीतरी सापडलं होतं, आणि आपण अजून रिकाम्या जागा भरत बसलोय.

तो त्या चरचरीमागे लागला. कोणीतरी फोनवर चोरून टिपलेला तुकडा त्याने मिळवला आणि पुन्हा पुन्हा ऐकला. झांजा वर चढवल्या, खुळखुळा वर चढवला, गाणाऱ्याच्या तोंडचा स-श सुद्धा खरवडून वर काढला. सगळं चढवत चढवत उबाल्दोच्या चरचरीच्या निम्म्यापर्यंत पोचला आणि त्याला हेडफोन काढून ठेवावा लागला. दाढा आंबल्या होत्या. भिंतीपलीकडून मावशीसुद्धा म्हणाली, “बाळा, आजचं सुंदर आहे, पण जरा दार लावून घे.” दोन-तीन दिवस तो असाच झटला. शेवटी त्याच्या मनात साधा प्रश्न आला. ऐकणाऱ्याला गर्दीत, दारूत, नाचात चालत असेल एक वेळ. पण हे बनवणारा माणूस आठवडेच्या आठवडे हे कानाशी घेऊन बसतो. त्याला त्रास कसा होत नाही? आणि तोही कोण, तर ज्याला पूर्वी भातातली वाळू लागायची तो!

उत्तर त्याला बाजारात मिळालं. बाझुर्तोच्या बाजारात तो कसावाचे कंद घ्यायला गेला होता, तेव्हा मासळीच्या गल्लीत त्याला उबाल्दो दिसला. पाठमोरा. केस पांढरे झालेले, पण पाठ काय कोणी विसरतं? बर्फाच्या गोळ्यांची एक गाडी मागून येत होती. गाडीवाला दांड्यावरच्या बारक्या घंटा खुळखुळ वाजवत होता, लोक बाजूला होत होते, कुत्रीसुद्धा बाजूला झाली. उबाल्दो वाटेच्या मधोमध कोळंबी निवडत उभा. घंटा त्याच्या खांद्याशी आल्या. तो हलला नाही. गाडीचं चाक त्याच्या घोट्याला लागलं तेव्हा तो दचकून वळला.

“अरे ए, डोळे फुटले का? घंटा कशाला बांधल्यात, शोभेला?”

“घ्या! मासळीच्या पहिल्या गाळ्यापासून बडवतोय काका!” गाडीवाला म्हणाला. “कान बँकेत ठेवलेत का?”

सगळे हसले. उबाल्दोही हसला, जरा उशिरा, दुसऱ्यांचे चेहरे बघून. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकने जाड भोंगा वाजवला, तेव्हा मात्र त्याने सगळ्यांच्या आधी मान वळवली.

प्लासिदो कसावा न घेताच घरी आला. आता सगळं उघड होतं. बास ऐकू येतो, भोंगा ऐकू येतो, घंटा येत नाही. चरचर ही काही नवी कला नव्हती. बारीक आवाज ऐकू येईनात म्हणून तो ते वर चढवत होता, आणखी ऐकू येईनात म्हणून आणखी चढवत होता. पिकोच्या छातीशी आयुष्य घालवलेल्या माणसांचं हे असं होतंच, पण कोणी बोलत नाही. आणि अख्खं शहर, योर्दान धरून, एका माणसाच्या बहिरेपणाची नक्कल करत होतं.

खोटं कशाला बोला, क्षणभर प्लासिदोला बरं वाटलं. उबाल्दो पुढे गेलेला नव्हता. मग त्या बरं वाटण्याची त्याला इतकी शरम वाटली की तो मागच्या दारी जाऊन बादलीवर बसला. वारा पडला होता. इतकी वर्षं प्रत्येक गाणं त्याने कोणासाठी बनवलं हे त्याला तिथे कळलं. शेठसाठी नाही, नाचणाऱ्यांसाठी नाही. पलीकडच्या काठावर एक कान आहे, वारा फिरला की पावसाळ्यात आपलंही तिकडे जात असेल, आणि कोणीतरी पाठ करून म्हणत असेल ‘नाही’, किंवा कधीतरी, एखाद्या वेळी, ‘राहू दे’, एवढ्या आशेवर तो जगत आला होता. तो कानच आता राहिला नसेल तर?

पण माणसाची आशा मोठी चिवट असते. बाजारात गोंगाट होता, लक्ष नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. वाढदिवसाचं गाणं त्याने पुन्हा हातात घेतलं. चरचर सगळी काढून टाकली. गाण्याच्या शेवटी, जिथे शब्द संपतात आणि नुसता ताल गरगरत राहतो, तिथे त्याने पूर्वीसारखी एक चूक पेरली. गिटारची सगळ्यात बारीक तार केसभर उतरवली. गाणं पेन ड्राइव्हवर घेतलं, खिशात टाकलं आणि वस्तीच्या तोंडाशी येऊन मोटारसायकलवाल्या पोराला म्हणाला, “बोकिया.”

पोराने वळून बघितलं. “बोकिया? काका, शेठला माहितीये का?”

“संध्याकाळपर्यंत तू सांगशीलच.”

खाडीला वळसा घालून जाताना खिशातला तो पेन ड्राइव्ह त्याला तापलेल्या निखाऱ्यासारखा वाटत होता. गाणं फोडायलाच निघालो आहोत, लोक म्हणतात ते खरंच आहे, असं त्याच्या मनात आलं, पण परत फिरावंसं वाटलं नाही.

उबाल्दोचं घर कोळीवाड्याच्या मागच्या अंगाला, खारफुटीला टेकून. बायको गेलेली, मुलगी पनामाला. अंगणातल्या वाळूत तो जाळ्यासारखा काहीतरी वायरींचा गुंता सोडवत बसला होता. प्लासिदोची सावली पडली तेव्हा त्याने वर पाहिलं. ओळखीला वेळ लागला नाही.

“का आलास? तुला तुझे कान होते ना?”

“आहेत की. पण दोनच आहेत.”

उबाल्दो हसला नाही. पण उठला, आत गेला आणि दार उघडं ठेवलं. बोलताना तो डोळ्यांकडे बघत नव्हता, प्लासिदोच्या ओठांकडे बघत होता.

“कॉफी घेणार?”

“नको. गाणं आणलंय.”

“कोणाचं?”

“पेलिकानोच्या वाढदिवसाचं.”

“वेड लागलं का तुला?” उबाल्दोने अंगणात डोकावून बघितलं. “नेमेसिओ सोलून काढेल. मी ऐकलं, म्हणजे फुटलं.”

“मग फुटू दे. तुझ्याशिवाय खरं सांगणारं कोणी नाही मला.”

उबाल्दो उंबऱ्यावर जाऊन बसला. पाठ करून.  प्लासिदोने गाणं लावलं. बास आला, गाणारा आला, दोन कडवी गेली. मग शब्द संपले आणि ताल गरगरायला लागला. ती उतरलेली तार करकरली. करकरतच राहिली. एरवी पहिल्याच फेरीला काटा कपाळावर आला असता. प्लासिदो त्या पाठीकडे बघत होता. पाठ हलली नाही.

गाणं संपलं. खारफुटीत बगळे ओरडत होते.

“छान आहे,” उबाल्दो म्हणाला.

प्लासिदोला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“छान आहे रे. सगळं छान आहे.”

“शेवटची गिटार?”

“गिटार तर फारच छान.”

प्लासिदोला बसायला काही सापडेना. तो भिंतीला टेकून उभा राहिला. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने छान म्हटलं नाही तो छान म्हणाला होता, आणि आता या जगात त्याला ऐकणारं कोणी म्हणजे कोणी उरलं नव्हतं.

तो पुढे गेला, उंबऱ्यावर उबाल्दोच्या शेजारी बसला आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, “बाजारात बर्फवाल्याची घंटा तुझ्या खांद्यावर वाजत होती.”

उबाल्दोचा चेहरा बदलला. “नेमेसिओने पाठवलं का तुला? हे बघायला?”

“मीच मला पाठवलंय.”

“कोणाकोणाला सांगितलंस?”

“कोणाला सांगू? शेजारीण आहे, ती म्हणेल सुंदर.”

उबाल्दो रागाने उठला, अंगणात चार पावलं गेला, परत आला. बार्राकुडाच्या लोकांना कळलं तर उद्या हाकलतील, मग मी करायचं काय, मासे धरू, असं काहीबाही बोलला. मग दमून पुन्हा खाली बसला.

“आधी पाखरं गेली,” तो म्हणाला. “सकाळी मागे कलकलाट असायचा. एका वर्षी बंद झाला. मला वाटलं हॉटेलवाल्यांनी खारफुटी तोडली म्हणून पाखरं उडून गेली. नगरपालिकेत जाऊन भांडून आलो, माहितीये? अर्ज केला, शिव्या दिल्या.” त्याने मागे हात केला. “आहेत का पाखरं?”

प्लासिदोने ऐकलं. “भरपूर आहेत.”

“वाटलंच होतं.”

बगळे ओरडतच होते.

“तुझ्या त्या चरचरीची,” प्लासिदो म्हणाला, “अख्खं कार्ताहेना नक्कल करतंय. योर्दानने तर कहर केलाय. शेठ मला म्हणतो, उबाल्दोसारखं नवीन काहीतरी शीक.”

उबाल्दो त्याच्या ओठांकडे बघत राहिला. अर्थ पोचायला क्षणभर लागला, आणि मग तो असा हसला की त्याला ठसका लागला. प्लासिदोही हसला. दोघं म्हातारे उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि पाणी आल्यावर ते लवकर थांबेना.

“तुझं खालचं, बासचं, ऐकू आलं मला,” शेवटी उबाल्दो म्हणाला. “अजून सगळीकडे तुझंच सामान. पाहुण्याला बसायला जागा नाही.”

“मग मघाशी बोलला का नाहीस?”

“वरचं काहीच कळेना, मग खालचं कुठल्या तोंडाने बोलू? म्हटलं, बाकीचे म्हणतात तेच म्हणावं.”

आत कॉम्प्युटरवर उबाल्दोचं गाणं अर्धवट पडलं होतं, बार्राकुडाच्या पुढच्या रविवारचं. रीतीप्रमाणे त्याने ते पेलिकानोच्या माणसाला ऐकवायचं नव्हतं. तरी त्याने ते लावलं. बासमध्ये तीच जुनी ऐसपैस जागा होती, आणि तिच्यावर ती चरचर, दाढा आंबवणारी. प्लासिदोने उबाल्दोला खुर्चीत बसवलं, त्याचा हात बटणावरून बाजूला केला आणि वरचे आवाज हळूहळू उतरवत गेला. झांजा उतरल्या. खुळखुळा उतरला. गाणाऱ्याच्या तोंडातली वाळू गेली आणि आतून एक मऊ, दुखरा आवाज बाहेर आला, जो इतका वेळ त्या चरचरीखाली गाडला गेला होता. उबाल्दो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

“अजून उतरवतोयस?”

“थोडं.”

“आता मला त्यातलं काही ऐकू येत नाही.”

“मला येतंय,” प्लासिदो म्हणाला. मग तो उठून उंबऱ्यावर गेला, आतल्या गाण्याकडे पाठ करून बसला आणि शेवटापर्यंत ऐकून झाल्यावर, उबाल्दोला ओठ दिसावेत म्हणून वळून म्हणाला, “राहू दे.”